न येणाऱ्यांची हजेरी

आमच्या सिस्टर रागावलेल्या नाहीत असा दिवस मी पाहिलेला नाही. एकदा त्या हसल्या होत्या असं पेंटरकाका सांगतात, पण पेंटरकाकांचं वय एकाहत्तर आहे आणि त्या वेळी त्यांची भूल पुरती उतरलेली नव्हती.

माझी त्यांची पहिली भेट ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी झाली. छाती उघडून, आत तीन नवे रस्ते बांधून, वरून टाके घालून सर्जनसाहेब पुढच्या छातीकडे निघून गेले होते. मी खाटेवर काचेच्या बरणीसारखा ठेवलेला. बायको माझ्या हातातून पाण्याचा पेलाही काढून घेत होती. मेहुणा भेटायला यायचा तो कुजबुजत बोलायचा, जणू मी गेलोच आहे आणि मला तेवढं कळवायचं राहिलंय.

अशात या बाई आत आल्या. निळा गणवेश, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ आणि कपाळावर आठी.

"हे का झोपलेत?"

"ऑपरेशन झालंय ना त्यांचं," बायको म्हणाली.

"छातीचं झालंय. पायाचं झालंय का?"

"हो," मी मोठ्या ऐटीत म्हणालो. "शीर पायातूनच काढली."

"एकच काढली ना? बाकीचा पाय आहे ना जागेवर? उठा."

उशी छातीशी धरायला लावून त्यांनी मला दारापर्यंत चालवलं. अकरा पावलं. दाराशी पोचल्यावर मला वाटलं, आता टाळ्या वगैरे होतील. मी विचारलं, "आता?"

"आता परत. की इथेच राहणार?"

त्या दिवशी मला त्यांचा इतका संताप आला की आपल्याला मरायची भीती वाटत होती, हे मी तासभर विसरलो. त्यांचं कामच ते होतं, हे कळायला मला दोन महिने लागले.

कागदोपत्री त्या हृदय पुनर्वसन विभागाच्या प्रमुख. विभाग म्हणजे तळमजल्यावरचा एक हॉल, पूर्वी तिथे चादरी आणि अभ्रे ठेवायचे. चालायचं यंत्र एक, ते दर तिसऱ्या पावलाला कुरकुरतं. सायकली दोन, त्यातल्या एकीला खोगीर आहे म्हणायचं एवढंच. वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र आणि प्लास्टिकच्या चौदा खुर्च्या. इस्पितळाच्या दर्शनी भागात सर्जनसाहेबांचा हाताची घडी घातलेला पुरुषभर उंचीचा फोटो आहे. सिस्टरांच्या हॉलला पाटीसुद्धा नव्हती. ती पेंटरकाकांनी स्वतःच्या हाताने रंगवली. काका जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. अक्षर असं की वाटाण्यावर लिहायला सांगा, मात्रेला धक्का लागायचा नाही. हॉलच्या भिंतीवरही त्यांनी हातभर अक्षरात लिहून ठेवलं होतं: "बोलता येत नसेल तर थांबा."

ही सिस्टरांची शिकवणी. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. वाक्य मध्येच तुटलं तर वेग जास्त. गाणं म्हणता आलं तर तुम्ही आळशीपणा करताय. पण नुसतं बोला म्हटलं की माणसाला काही सुचत नाही, म्हणून सिस्टरांनी युक्ती काढली होती.

"कोणाचा तरी राग असेल ना? त्याला झाडा. मनात नाही, मोठ्याने."

त्यामुळे सकाळी आमच्या हॉलवरून जाणाऱ्याला आत मारामारी चालली आहे असंच वाटायचं. पेंटरकाका यंत्रावर छापलेल्या फलकांचा उद्धार करायचे, कारण त्या फलकांनी त्यांचा धंदा बसवला. शिवणकाम करणाऱ्या मावशी जावयाला धारेवर धरायच्या. तो जावई मी कधी पाहिला नाही, पण त्याच्या खांद्यांची मापं मला पाठ आहेत. मी शेजाऱ्यांच्या कुत्र्यापासून सुरुवात करून शेजाऱ्यांपर्यंत पोचायचो. एकटे बसवाले गप्प. बसवाले म्हणजे बसचे ड्रायव्हर, वय बावन्न, देह दांडगा, हृदय नीट आकसत नाही म्हणून आलेले. ते नुसते हसत चालायचे.

"तुम्हाला कोणाचाच राग येत नाही?" सिस्टर विचारायच्या.

"नाही हो सिस्टर. सगळे चांगलेच आहेत."

"असं म्हणणारी माणसं मला नको असतात. बोलत नाहीत आणि मग कळत नाही."

सिस्टरांना लाज म्हणून कशाची नव्हती, आणि आमची त्यांनी ठेवली नाही. एकदा वर्गात एकाने चाचरत विचारलं, "संसाराचं... म्हणजे... ते सगळं पुन्हा कधी..." तो कोण हे मी सांगणार नाही. मीच होतो.

"दोन जिने न थांबता चढता येतात?"

"येतात."

"मग मला काय विचारता? घरी विचारा."

मावशी इतक्या हसल्या की त्यांना सायकलीवरून उतरवून त्यांची नाडी बघावी लागली.

हे सगळं गमतीचं. राग मात्र खरा होता, आणि जुना होता. चौदा वर्षं त्या अतिदक्षता विभागात होत्या. तिथे त्यांनी एकच माणूस दोनदा, तीनदा येताना पाहिला. पहिल्या वेळी वाचला म्हणून पेढे वाटून गेलेला, तिसऱ्या वेळी चादर ओढलेला. "हे लोक गाडी दुरुस्त करतात," त्या म्हणायच्या, "आणि ज्याने खड्ड्यात घातली त्याच्याच हातात किल्ली देतात. चालवायची कशी, ते कोणी सांगत नाही." त्यांच्या वडिलांचं ऑपरेशनही असंच झकास झालं होतं. घरच्यांनी जपून जपून त्यांना अकरा महिने खाटेवर ठेवलं, आणि ते खाटेवरच गेले. हे त्यांनी एकदाच, माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळताना सांगितलं, आणि मी "अरेरे" म्हणायच्या आत पट्टा असा आवळला की अरेरे दुसऱ्याच कारणाने निघालं.

त्यांच्या कामाची एक रीत होती. दाराशी हजेरीचा कागद टांगलेला असायचा. येणाऱ्याने आपल्या हाताने सही करायची. ज्याची सही नाही त्याच्या घरी अकराच्या आत फोन जायचाच. "का आला नाहीत?" हा प्रश्न नसायचा. "आज वजन किती? काल किती होतं? रात्री उशा किती घेतल्या? चप्पल घट्ट होतेय का? गोळ्यांची पाकिटं आणा आणि मला मोजून दाखवा." फोनवरून मोजून दाखवायचं म्हणजे एकेक गोळी मोठ्याने मोजायची. माझ्या बायकोने एकदा मोजताना चूक केली, तर दुपारी सिस्टरांचा पुन्हा फोन. त्या म्हणायच्या, आलेला माणूस चालू शकतो म्हणून आलेला असतो. जो आला नाही तो माझा पहिला पेशंट.

मग एक तारखेला मॅनेजर आले. बारीक मिशीचा, मृदू बोलणारा माणूस. शिवी घातली तरी "आपली सूचना नोंदवली" म्हणेल असा. बरोबर टेप घेतलेला एक माणूस. त्याने आमच्यामधून वाट काढत हॉलची लांबी घेतली. मावशी चालायच्या यंत्रावर होत्या, त्यांना म्हणाला, "जरा पाय उचला." चालत्या बाईला!

मॅनेजरांनी सिस्टरांना समजावलं की सुदृढ माणसांच्या संपूर्ण तपासणीसाठी येणाऱ्या मंडळींना बसायला चांगली जागा हवी आहे. सोफे, पडदे, कॉफीचं यंत्र. हॉल अगदी योग्य आहे. "पण आम्ही अन्याय करणार नाही. या महिन्यात रोज सरासरी बारा डोकी दिसली तर वर्ग राहील. नाहीतर पुढच्या महिन्यापासून बंद."

"माझ्या पटावर तेरा माणसं आहेत," सिस्टर म्हणाल्या. "सगळी आजारी. रोज बारा कुठून येतील?"

"तुमचा मुद्दा रास्त आहे," मॅनेजर म्हणाले आणि गेले.

न आजारलेल्या माणसांना टेकायला सोफा हवा म्हणून आजारी माणसांनी उठून जायचं. हे लिहिताना आजही माझी नाडी नव्वदच्या वर जाते. वर त्याच आठवड्यात माणसं कमी आहेत म्हणून सिस्टरांना सकाळचा दीड तास वॉर्डात जुंपलं. आमचा वर्ग व्यायामाच्या एका नव्या मॅडम बघायला लागल्या. मॅडम सालस होत्या, पण आमच्यातला कोण कोण हे त्यांना माहीत नव्हतं. सिस्टर येईपर्यंत आम्ही घरी गेलेलो असायचो. त्यांच्या हाती उरायचा तो कागद.

पुढच्या सोमवारी नऊ सह्या झाल्या. मंगळवारी दहा.

"हे काही खरं नाही," मावशी म्हणाल्या. "बाईचा वर्ग जाणार."

पेंटरकाकांनी कागद उतरवला, चष्मा पुसला आणि मागच्या आठवड्याच्या सह्या निरखल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बघितलं. मॅडम पाठमोऱ्या होत्या. मी मान हलवली. ती मान माझी होती, हे मला इथे सांगितलंच पाहिजे.

काकांनी दोन मिनिटांत तीन सह्या केल्या. काय सह्या होत्या! बसवाल्यांची सही त्यांच्या बसपेक्षा लांब, शेवटी एक वळण घेऊन थांबणारी. काकांनी ते वळणसुद्धा असं घेतलं की बसवाल्यांनी स्वतः बघितली असती तर म्हणाले असते, हो, मी आलो होतो. त्या दिवशी तेरा भरले. पुढचे तीन दिवस रोज बारा. मीच काकांना म्हणालो, "तेरा नको, संशय येईल." आम्हाला फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी आमचा वर्ग संपूनही पेंटरकाका, मावशी आणि मी रेंगाळलो होतो. सिस्टर वॉर्डातून नुकत्याच आल्या होत्या. इतक्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. बसवाल्यांच्या बायको, आमच्या वहिनी. हातात पिशवी, चेहऱ्यावर संकोच.

"सिस्टर, एक विचारायचं होतं. सोमवारपासून हे चपला घालून व्यायामाला आले तर चालेल का? बूट चढेनात पायात."

सिस्टरांच्या हातातलं पेन थांबलं.

"कधीपासून चढत नाहीत?"

"झाले चार-पाच दिवस."

"पण कालच तर..." सिस्टर कागदाकडे वळल्या. "काल आले होते ना इथे?"

"नाही हो. मंगळवारपासून घरातच आहेत. आडवं झालं की दम लागतो, म्हणून खुर्चीतच झोपतात. मी म्हटलं इस्पितळात जाऊ या, तर म्हणाले, आपण गेलो नाही तर सिस्टरांचा अकराच्या आत फोन येतो. आला नाही, म्हणजे काळजीसारखं काही नाही. रोज अकरा वाजेपर्यंत फोनजवळ बसून असतात."

पेंटरकाका खुर्चीत बसले.

सिस्टरांनी आमच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी दोन फोन केले, दोन्ही चार शब्दांचे. गाडी गेली, अर्ध्या तासात बसवाले आले. घोट्यांच्या जागी उशा, ओठ निळसर, आणि तशातही हसत होते. सिस्टरांनी वजन घेतलं. आठ दिवसांत पाच किलो. सगळं पाणी.

"लघवीची गोळी घेताय?"

बसवाल्यांनी वहिनींकडे बघितलं, मग खाली. दहा दिवसांपूर्वी ते अर्ध्या पाळीने कामावर रुजू झाले होते. गोळी घेतली की दर वीस मिनिटांनी जावं लागतं. पन्नास माणसं बसमध्ये बसवून ड्रायव्हरने उतरायचं कुठे? त्यांनी गोळी बंद केली. कोणाला सांगितलं नाही, कारण सगळे चांगलेच आहेत.

"मला सांगितलं असतं तर वेळ बदलून दिली असती!" सिस्टर ओरडल्या. "दुपारी घरी आल्यावर घ्यायची! एवढंच होतं, डॉक्टरांना विचारून दिली असती बदलून!"

त्यांना वर नेलं. संध्याकाळपर्यंत पाणी उतरायला लागलं, ते वाचले. आणखी दोन दिवस खुर्चीत काढले असते तर नसते वाचले, असं वरचे डॉक्टर म्हणाले. हे संध्याकाळचं. सकाळी मात्र त्यांना वर पोचवून सिस्टर परत आल्या तेव्हा हे काही आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही तिघं तिथेच उभे होतो.

त्यांनी कागद उतरवला. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. प्रत्येक दिवशी ती लांब सही, शेवटी वळण.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "कोणी केली?"

पेंटरकाकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "तुमच्यासाठी केलं हो, सिस्टर. तुमचा वर्ग जाऊ नये म्हणून."

"माझ्यासाठी? मी काय निवडणुकीला उभी आहे?"

"काकांचा हात होता, पण डोकं माझं," मी म्हणालो.

"तुमच्या डोक्याला रक्त पोचावं म्हणून तीन रस्ते बांधले त्या माणसाने! तिकडे काय पोचलं?" आता त्यांचा आवाज चढला आणि आधीचा सगळा राग त्यापुढे कौतुकासारखा वाटायला लागला. "हा कागद मी तुमच्या कौतुकासाठी टांगलाय? इथे जागा मोकळी दिसली की मला कळतं कुठे बघायचं. तुम्ही जागा भरलीत! तो माणूस चार दिवस फोनजवळ बसला होता. माझ्या भरवशावर बसला होता. तुम्ही त्याला इथे चालवत होतात, कागदावर!"

मावशी म्हणाल्या, "चुकलं बाई. पण आता हे वर कळलं तर..."

"कळलं तर नाही. कळणार. चला," त्या माझ्याकडे वळल्या. "तोंड फार चालतं ना तुमचं? या बरोबर."

मॅनेजरांची खोली थंडगार. सिस्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मॅनेजरांनी शांतपणे ऐकलं. मग उठून दार लोटलं. माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करावं लागतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

"पेशंट वाचेल ना? मग झालं तर. सिस्टर, या कागदावर बारा आहेत. मी बारा वर पाठवतो. पुढेही बघू. मी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही. तुमचा हॉल राहील."

सात वर्षांची मेहनत त्या टेबलावर होती, आणि ती वाचवायला सिस्टरांनी फक्त गप्प बसायचं होतं. मी मनात म्हणत होतो, बाई, एकदाच, फक्त एकदा गप्प बसा.

त्यांनी मॅनेजरांच्या पेनदाणीतलं लाल पेन उचललं आणि खोट्या सह्या एकेक करून खोडल्या. नुसती रेघ नाही, गिरबटून काढल्या. मग प्रत्येक दिवसाखाली आकडे घातले. दहा. नऊ. नऊ. आठ.

"तुम्ही येणारे मोजता," त्या म्हणाल्या. "मी न येणारे मोजते. तुमचे बारा ठेवले तर माझं कामच उरत नाही. मग हॉल राहिला काय आणि तिथे सोफे आले काय, सारखंच."

"मग माझा नाइलाज आहे. महिनाअखेरीला बंद."

"आज बारा तारीख. अठरा दिवस आहेत. तोवर तुमचा टेपवाला आत दिसला तर त्याला चालायच्या यंत्रावर चढवीन."

"आपली सूचना नोंदवली," मॅनेजर म्हणाले. खरंच म्हणाले.

बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलायला गेलो. म्हणालो, आपण सगळे मिळून अर्ज करू, वर्तमानपत्रात देऊ, दारात बसू. माझं वाक्य मध्येच तुटलं. सिस्टर झपाझप जिना उतरत होत्या.

"अर्ज करा, बसा, काय हवं ते करा. अकरानंतर करा. उद्या येताना प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं. बायको, नवरा, भाऊ, सून, जो असेल तो. आणि वजनकाटा कोणाकडे नसेल तर आजच सांगा."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. त्या दिवशी पटावरचे दहा जण आले आणि त्यांच्याबरोबर घरची मंडळी. माझी बायको आली. मावशींचा तो जावईही आला. बिचारा चांगला निघाला, मावशींना फार वाईट वाटलं. वहिनी वरून, बसवाल्यांच्या खाटेपासून खाली आल्या. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सिस्टर एकेकाची बोटं धरून नाडीवर ठेवत होत्या. "इथे नाही, इथे. दाबू नका, ऐका. मोजा. मोठ्याने." घोट्यावर अंगठा दाबून खळगा राहतो का ते बघायला शिकवत होत्या. पेंटरकाका भिंतीला टेकून प्रत्येकासाठी एकेका पुठ्ठ्यावर लिहीत होते: वजन, उशा, चप्पल, गोळ्या. अक्षर तेच. माझ्या बायकोला माझी नाडी दोनदा सापडली नाही, आणि ती एवढी घाबरली की मी तिसऱ्यांदा मोठ्याने बोलून जिवंत असल्याची खात्री पटवली.

आणि अशा गर्दीत दारात मॅनेजर उभे राहिले. बरोबर सोफेवाला होता. मॅनेजरांच्या नजरेने झरझर मोजायला सुरुवात केली, ओठ हलताना दिसत होते. एकोणीस, वीस, एकवीस. त्यांचा चेहरा खुलला. खोटं सांगत नाही, त्या माणसाला आनंद झाला होता.

"सिस्टर, आज तर बावीस आहेत! हे मी नोंदवू शकतो."

मावशींनी माझा दंड धरला.

सिस्टरांनी मान वर केली नाही. त्यांचं बोट जावयाच्या बोटावर होतं आणि नजर घड्याळावर. पंधरा सेकंद पुरे होईपर्यंत त्यांनी मॅनेजरांना तसंच उभं ठेवलं.

"पेशंट दहा आहेत," त्या म्हणाल्या. "एक वर खाटेवर आहे. दोघांना मी आत्ता फोन करणार आहे. दहाच लिहा. आणि दार लावून घ्या, माणसं घामेजलीत."